झाडाला न कळू देता झाडाकडे बघणं

घेवड्याचं कोवळं रोप दुपारी बघितलं तर त्याची पहिली दोन रुंद पानं आडवी पसरलेली असतात. तेच रोप रात्री बघा. दोन्ही पानांची पाती खाली वळून खोडाच्या जवळ आलेली असतात, मिटून ठेवलेल्या छत्रीसारखी. सकाळी पुन्हा आडवी. मधल्या वेळात पान हललं हे उघड आहे, पण हलताना ते दिसत नाही. घड्याळाच्या तासकाट्याचं असंच असतं. टक लावून बसलं तर तो जागचा हलत नाही आणि जरा लक्ष दुसरीकडे गेलं की पुढे सरकलेला असतो.

म्हणून इथे कॅमेरा लागतो. दर वीस मिनिटांनी एक फोटो काढला तर दिवसाचे ७२ फोटो होतात. ते एकामागून एक भराभर दाखवले की पाच दिवसांची हालचाल अर्ध्या मिनिटात डोळ्यांसमोरून जाते आणि रोप श्वास घेतल्यासारखं वरखाली होताना दिसतं. पहिल्यांदा पाहणारा हमखास थबकतो. पण वनस्पतींच्या लयीचा अभ्यास करणाऱ्यांना कॅमेरा हवा असतो तो एवढ्यासाठी नाही. त्यांची खरी अडचण वेगळी आहे: झाडाकडे बघायचं, पण बघताना त्याला किती वाजले ते सांगायचं नाही. ही अडचण नीट कळली की या विषयातलं निम्मं काम समजतं.

झाडं रात्री ‘झोपतात’ हे माणसाला फार आधीपासून माहीत आहे. अलेक्झांडरच्या आरमारातल्या अँड्रोस्थेनीसने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात पर्शियन आखातातल्या एका बेटावर एक झाड पाहिलं. त्याची पानं सूर्योदयाला उघडत आणि रात्री मिटत. वर्णनावरून ते चिंचेचं झाड असावं असं मानलं जातं. पुढची दोन हजार वर्षं याचं कारण सगळ्यांना सरळ वाटलं. ऊन आलं की पान उघडतं, ऊन गेलं की मिटतं, झालं.

१७२९ साली फ्रान्समधल्या ज्याँ-जाक दॉर्तू द मैराँ या खगोलशास्त्रज्ञाने लाजाळूसारखं एक रोप अंधारात ठेवलं. ऊन नाही, उजेड नाही, तरी पानं दिवसा उघडत राहिली आणि रात्री मिटत राहिली. त्यावरून निघालेला निष्कर्ष असा की या वनस्पतीला सूर्य न दिसताही त्याची जाणीव होते. आज आपल्याला तो चुकीचा वाटतो, पण त्या वेळी तो गैर नव्हता. अंधाऱ्या खोलीतही दिवसा उष्णता थोडी वाढते, रात्री कमी होते. रोपाला तेवढी खूण पुरत नसेल कशावरून?

याचं पटणारं उत्तर १८३२ मध्ये ऑग्युस्तँ द काँदोल यांच्या निरीक्षणातून मिळालं. बाहेरचा दिवस-रात्रीचा बदल काढून घेतल्यावर लाजाळूची पानं उघडतात-मिटतात खरी, पण त्यांचा फेरा २४ तासांचा नसतो. तो २२ ते २३ तासांत पुरा होतो. या छोट्याशा फरकात सगळं प्रकरण आहे. समजा फेरा साडेबावीस तासांचा आहे. मग पानं रोज दीड तास आधी उघडतील. आठ दिवसांत ती १२ तास पुढे गेलेली असतील, म्हणजे बाहेर संध्याकाळ होत असताना आत त्यांची सकाळ उजाडेल. बाहेरची कुठलीही खूण, मग ती उष्णतेची असो की आणखी कशाची, पृथ्वीबरोबर फिरते आणि २४ तासांनीच परत येते. झाड त्या खुणेवर चालत असतं तर असं भरकटलं नसतं. ते भरकटलं, याचा अर्थ त्याच्या आत स्वतःचं घड्याळ आहे. ते थोडं चुकतं आणि रोजच्या उजेडाने जुळवून घेतलं जातं. मला हा युक्तिवाद फार आवडतो, कारण इथे घड्याळ असल्याचा पुरावा त्याच्या चुकण्यातून मिळतो.

पण हे चुकणं मोजायचं तर दिवसरात्र पहारा हवा. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी वनस्पतींच्या हालचालींवरचं मोठं पुस्तक १८८० मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांची पद्धत अशी: पानावर काचेचा केसासारखा बारीक तंतू चिकटवायचा, समोर उभी काच ठेवायची आणि ठरावीक वेळाने तंतूचं टोक जिथे दिसेल तिथे काचेवर ठिपका द्यायचा. पुढे ठिपके जोडायचे की पानाचा मार्ग मिळतो. त्यासाठी कुणीतरी जागं राहायला हवं आणि रात्री दिवा लावायला हवा. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी पानाला दोरा बांधून तो तरफेला जोडला आणि फिरत्या नळकांड्यावर रेघ उमटवली. माणसाची जागरणं टळली, पण पानाला ओझं आलं. याच फेफर यांनी १९०० च्या आसपास वनस्पतींच्या हालचालींची चलत्चित्रंही घेतली. टाइमलॅप्सचा वनस्पतिशास्त्रातला हा अगदी सुरुवातीचा वापर.

आता दिव्याची गोष्ट. १९२० च्या दशकात हॅम्बुर्गमध्ये रोझ श्टोपेल घेवड्याच्या पानांवर काम करत होत्या. खोली अंधारी, तापमान कायम, तरी पानं रोज जवळपास एकाच वेळी, पहाटे तीन-चारच्या सुमाराला, सगळ्यांत खाली गेलेली असत. भरकटणं नाही, फेरा चोख २४ तासांचा. त्यांनी विचार केला की बाहेरची कुठलीतरी अज्ञात गोष्ट झाडाला वेळ सांगत असणार. एर्विन ब्युनिंग आणि कुर्ट श्टेर्न या दोन तरुणांनी फ्रँकफर्टमध्ये तोच प्रयोग श्टेर्न यांच्या घराच्या बटाटे साठवायच्या तळघरात करून पाहिला. तिथेही फेरा २४ तासांचाच आला, पण पानं खाली जाण्याची वेळ वेगळी निघाली. फरक एकच होता. श्टोपेल रोपांना पाणी घालायला सकाळी जात आणि हे दोघे दुपारी. दोन्हीकडे आत जाताना हातात मंद लाल दिवा असे. लाल उजेडाचा झाडांवर परिणाम होत नाही, अशी तेव्हा समजूत होती. त्यांनी लाल दिवा बंद केला आणि घेवड्याचा फेरा २५.४ तासांवर गेला.

म्हणजे अज्ञात शक्ती वगैरे काही नव्हतं. बघायला येणाऱ्या माणसाच्या हातातला दिवाच रोपाला रोज वेळ लावून देत होता. झाडं लाल उजेड उत्तम ओळखतात हे आज शाळेच्या पुस्तकातही असतं. फायटोक्रोम नावाचं प्रथिन सुमारे ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ७३० नॅनोमीटरचा गडद लाल उजेड टिपतं. निळ्यासाठी निराळी प्रथिनं आहेत. थोडक्यात, झाड आपल्याला दिसणारा बहुतेक सगळा उजेड वाचतं, म्हणून तिथे दिवा घेऊन जाणं धोक्याचं.

कॅमेऱ्याने सुटका केली ती इथे. डिजिटल कॅमेऱ्याची सिलिकॉनची चकती आपल्या डोळ्यांपेक्षा पुढचं बघते. ९४० नॅनोमीटरच्या आसपासचे अवरक्त किरण तिला दिसतात, आपल्याला दिसत नाहीत आणि झाडाची प्रकाश ओळखणारी प्रथिनंही त्यांची जवळजवळ दखल घेत नाहीत. सुरक्षा कॅमेऱ्यांत असतात तसे छोटे अवरक्त एलईडी लावले की मिट्ट काळोखात रोपाचे फोटो निघतात आणि रोपाच्या लेखी काहीच घडलेलं नसतं. नेहमीच्या कॅमेऱ्यात हे किरण अडवणारी एक काच चकतीपुढे बसवलेली असते, ती काढावी लागते किंवा मुळातच ती नसलेला कॅमेरा घ्यावा लागतो. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडायचा असा कॅमेरा मिळतो आणि बऱ्याच प्रयोगशाळा आज त्यावर काम भागवतात.

अवरक्त उजेडात जग जरा वेगळं दिसतं. हिरवं पान हे किरण शोषत नाही, बरेचसे परत फेकतं. त्यामुळे पडद्यावर पान पांढरंशुभ्र, जणू चुना लावलेलं दिसतं. मागे काळं कापड लावलं की पांढऱ्या पानाची कड छान उठून दिसेल असं वाटतं, पण इथे नवखा माणूस फसतो. कित्येक काळी कापडं फक्त आपल्या डोळ्यांना काळी असतात. त्यांचा रंग अवरक्त किरण शोषतच नाही आणि फोटोत ते कापडही पानाइतकंच पांढरं येतं. म्हणून मागचा पडदा आधी त्याच कॅमेऱ्यातून बघून घ्यायचा.

प्रयोगाची रीत साधी आहे. आधी काही दिवस रोपांना १२ तास उजेड आणि १२ तास अंधार द्यायचा, म्हणजे सगळ्यांची घड्याळं एकत्र लागतात. मग उजेड आणि तापमान कायम ठेवायचं आणि बाजूने फोटो घेत राहायचे. कायमचा अंधार सहसा ठेवत नाहीत, कारण उजेड नाही तर अन्न नाही, रोप उपाशी पडतं आणि लय मंदावत जाते. त्याऐवजी मंद उजेड अखंड चालू ठेवतात. वेळ सांगतो तो उजेडातला बदल. बदलच नसेल तर रोपाला वेळ कळायला मार्ग राहत नाही.

फोटोंतून आकडे काढायचे तर पानाचं टोक प्रत्येक फोटोत किती उंचीवर आहे ते नोंदवायचं. वेळ आडवी, उंची उभी, असा आलेख काढला की लाट दिसते. तिच्याबद्दल तीन प्रश्न विचारतात. एका शिखरापासून दुसऱ्यापर्यंत किती तास? शिखर कधी येतं? चढउतार किती मोठा? पहिला प्रश्न सगळ्यांत मोलाचा, कारण घड्याळाचा वेग तोच सांगतो. दोन दिवसांच्या नोंदींवर हा आकडा काढला तर त्यावर भरवसा ठेवता येत नाही. एखादं शिखर तासभर इकडेतिकडे झालं की उत्तर तेवढंच हलतं. पाच-सहा फेरे मिळाले की अशा चुका विभागल्या जातात. आणखी एक भानगड म्हणजे रोप वाढत असतं. पान वरखाली होत असतानाच सगळं रोप उंच होतं, त्यामुळे लाट तिरपी चढत जाते. ही वाढीची चढण आकडेमोडीतून आधी वजा करावी लागते.

शंभर रोपांची टोकं हाताने टिपायची म्हटलं तर आठवडे जातात. म्हणून हे काम संगणकाकडे गेलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘ट्रिप’ ही प्रणाली पानाचं टोक शोधतच नाही. लागोपाठच्या दोन फोटोंत रोपाचे ठिपके, म्हणजे पिक्सेल, एकूण वर सरकले की खाली, एवढंच ती मोजते. त्यामुळे पान कुठल्याही आकाराचं असलं तरी तिचं अडत नाही. मला ही कल्पना हुशारीची वाटते. लय शोधायला पान कुठे आहे हे कळायची गरज नाही, ते कुठल्या दिशेला चाललंय एवढं पुरतं.

पान हलतं कसं, याचं उत्तर सगळ्या झाडांत एक नाही. घेवडा, लाजाळू, चिंच या शेंगावर्गीयांच्या देठाच्या बुडाशी फुगीर सांधा असतो. त्याच्या एका बाजूच्या पेशींत पोटॅशियमचे क्षार आणि त्यांच्यामागून पाणी शिरतं, त्या फुगतात. दुसऱ्या बाजूच्या पेशी तेव्हाच सैल पडतात आणि पान वळतं. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपाला असा सांधाच नाही. प्रयोगशाळांचं सगळ्यांत लाडकं रोप हेच. त्याचं पान हलतं ते वाढीमुळे: देठाची खालची बाजू जास्त वाढली की पान वर उचललं जातं आणि वरची बाजू वाढली की खाली येतं. म्हणून त्याची वाढती कोवळी पानंच हलतात. पूर्ण वाढलेलं पान थांबतं. त्याच्या आतलं घड्याळ मात्र थांबलेलं नसतं. चालू घड्याळाचे काटे तेवढे गळून पडलेले असतात.

मग काटे नसलेलं घड्याळ वाचायचं कसं? यावर अँड्र्यू मिलर आणि स्टीव्ह के यांच्या गटाने १९९० च्या दशकात काजव्याची मदत घेतली. काजवा चमकतो तो ल्युसिफरेज या विकरामुळे. हे विकर बनवणारं जनुक त्यांनी अरॅबिडॉप्सिसमध्ये बसवलं, पण एका खुबीने. प्रकाशसंश्लेषणासाठी लागणारं ‘कॅब’ नावाचं एक जनुक रोज पहाटेच, उजाडण्याआधीच, जागं व्हायला लागतं. त्याला चालू-बंद करणारा डीएनएचा तुकडा काजव्याच्या जनुकाला जोडला. आता कॅब जागं होण्याच्या वेळी रोप चमकू लागतं आणि ते निजलं की मावळतं. चमकण्यासाठी लागणारं ल्युसिफेरिन हे द्रव्य पाण्यात मिसळून रोपांवर फवारायचं. हे विकर काम करताना लवकर निकामी होतं आणि इथे तेच सोयीचं ठरतं. आधीचं विकर साचून राहत नाही, त्यामुळे या घटकेला दिसणारी चमक बरीचशी ताज्या विकराची असते.

ही चमक इतकी मंद की अंधारात डोळे सरावले तरी दिसत नाही. त्यासाठी शून्याखाली कित्येक अंश थंड केलेला कॅमेरा लागतो, कारण चकती गरम असेल तर तिच्या स्वतःच्या उष्णतेने खोटे ठिपके उमटतात. एकेका फोटोला कित्येक मिनिटांचं एक्स्पोजर द्यावं लागतं. पण मोबदला मोठा आहे. एका बशीत रांगेने रोपं, प्रत्येक रोप म्हणजे प्रकाशाचा एक ठिपका, आणि त्या गर्दीत एखादा ठिपका बाकीच्यांच्या आधी पेटताना दिसतो. दुसऱ्या दिवशी आणखी आधी. असंच एक रोप या गटाला सापडलं आणि १९९५ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. साध्या रोपांचा फेरा अखंड उजेडात २४ तासांच्या थोडा वर असतो, याचा २१ तासांचा होता. बिघडलेल्या जनुकाला ‘टॉक१’ नाव मिळालं आणि पुढे कळलं की ते घड्याळाच्या मुख्य भागांपैकीच एक आहे. सकाळी काम करणारी दोन जनुकं, ‘सीसीए१’ आणि ‘एलएचवाय’, टॉक१ला दाबून ठेवतात. संध्याकाळी त्यांचा जोर ओसरला की टॉक१ वर येतं आणि त्या दोघांना दाबतं. पुढे बरेच भाग या घड्याळात सापडले, पण आलटून पालटून एकमेकांना दाबण्याचा हा खेळ त्याच्या गाभ्याशी आहे.

या कामात एक त्रास होता. दिवे बंद केल्यावर हरितद्रव्य स्वतःच थोडा वेळ मंद उजेड सोडत राहतं. प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेत अडकलेली ऊर्जा उलटी फिरून प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. काजव्याची चमक टिपणाऱ्यांना म्हणून फोटोआधी काही मिनिटं अंधारात थांबावं लागे. काही अभ्यासकांनी या त्रासाकडेच वळून पाहिलं. हा मागे रेंगाळणारा उजेडही दिवसभरात लयीत कमी-जास्त होतो, असं त्यांना दिसलं आणि २००९ मध्ये त्यांनी ती मोजण्याची पद्धत मांडली. तिला परकं जनुक लागत नाही. हरितद्रव्य असलं की झालं, त्यामुळे ज्या पिकांत जनुक बसवणं जिकिरीचं त्यांचं घड्याळही वाचता येतं. उष्णता बघणारा कॅमेराही असाच उपयोगी पडतो. पर्णरंध्रं उघडली की पाणी वाफ होऊन जातं, पान थंड होतं. मिटली की तापतं. अखंड उजेडातही ही थंड-गरम लाट रोज येत राहते.

हे सगळं कशासाठी, तर वेगळ्या वेगाच्या घड्याळाचे परिणाम रोपाला भोगावे लागतात म्हणून. २००५ मधल्या एका प्रयोगात जलद आणि मंद घड्याळांची अरॅबिडॉप्सिस रोपं २० तासांच्या आणि २८ तासांच्या ‘दिवसात’ वाढवली. ज्या रोपाचं घड्याळ त्या दिवसाशी जुळलं त्यात हरितद्रव्य जास्त आढळलं आणि ते जास्त वाढलं. टोमॅटोची गोष्ट मला याहून बोलकी वाटते. रानटी टोमॅटो विषुववृत्ताजवळचा, तिथे दिवस वर्षभर जवळपास सारखाच. माणसाने तो उत्तरेला, उन्हाळ्यातल्या लांबलचक दिवसांत नेला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्हींच्या पानांची हालचाल मोजली तेव्हा लागवडीतल्या टोमॅटोचं घड्याळ रानटी टोमॅटोपेक्षा मंद निघालं. माणूस फळ बघून बी राखत होता आणि नकळत घड्याळही निवडलं जात होतं. कॅमेऱ्यापुढे रोपं ठेवली नसती तर हे कुणाच्या लक्षात आलं नसतं.

त्याच वर्षी सूर्यफुलाचा उलगडा झाला. कोवळं सूर्यफूल दिवसभर सूर्यामागे पश्चिमेला वळतं आणि रात्री, सूर्य नसतानाच, पूर्वेकडे परत येऊन वाट बघतं. दिवसा खोडाची पूर्वेची बाजू जास्त वाढते, रात्री पश्चिमेची. कृत्रिम उजेडात ३० तासांचा दिवस दिला तेव्हा ही हालचाल विस्कटली, म्हणजे ती घड्याळावर चालते. वाढ थांबलेलं फूल पूर्वेकडे तोंड करून राहतं, सकाळी लवकर तापतं आणि त्यावर पश्चिमेकडे वळवून ठेवलेल्या फुलापेक्षा पाचपट कीटक येतात.

अलीकडे कॅमेरा इतका जवळ गेला आहे की एकेका पेशीचा ठिपका वेगळा दिसतो. तिथे सापडलं ते असं की झाडाचं घड्याळ एक नाही. पेशीपेशीत घड्याळ आहे आणि ती सगळी तंतोतंत एका वेळी चालत नाहीत. मुळाच्या टोकाचा वेग वेगळा, पानाचा वेगळा, आणि शेजारच्या पेशी एकमेकींना थोडं ओढत राहतात, त्यामुळे चमकेची लाट रोपातून हळूहळू सरकत जाताना दिसते.

हे घरी करून बघायचं असेल तर पेशींपर्यंत जाता येणार नाही, पण घेवडा पुरेसा आहे. पहिली दोन पानं उघडलेलं रोप, बाहेरचा उजेड न येणारी खोली, सतत चालू राहणारा एक मंद दिवा आणि दर वीस मिनिटांनी फोटो घेणारा कुठलाही जुना फोन. दिवा चालूच असल्यामुळे अवरक्त एलईडी लागत नाहीत. फ्लॅश मात्र आठवणीने बंद करायचा. पाणी सुरुवातीलाच भरपूर घालून ठेवायचं, म्हणजे रोज आत जावं लागणार नाही. पहिल्या रात्री पानं नेहमीच्या वेळी मिटतील. चौथ्या-पाचव्या रात्रीचे फोटो उघडून वेळ बघा. पान मिटण्याची वेळ काही तासांनी सरकलेली असेल.